नेस्टेड लूपमधून सुबोध निर्गमन : एक विवेचन

प्रस्तावना :
एका लूपमध्ये दुसरा लूप असणे ही आज्ञावली-लेखनातील नित्याची बाब होय. अपेक्षित उत्तर आतील लूपमध्ये मिळाल्यावर दोन्ही लूपमधून बाहेर कसे पडावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तो आज्ञावलीच्या अचूकतेशी निगडित आहे.

समस्येचे स्वरूप :
समजा, १०० ओळी व १०० स्तंभांच्या कोष्टकातील पहिली ऋण संख्या शोधावयाची आहे. ती तिसऱ्या ओळीत पाचव्या स्तंभात असल्यास २०५ तुलना पुरेशा ठरतात. परंतु सी, जावा व पायथॉन या भाषांतील साधे 'ब्रेक' विधान केवळ सर्वांत आतील लूप थांबविते. बाहेरील लूप उर्वरित ९७ ओळी तपासत राहतो. पुढे दुसरी ऋण संख्या आढळल्यास पहिले उत्तर पुसले जाते.

'ब्रेक'च्या व्याप्तीविषयीचा गैरसमज महाग पडू शकतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची दूरध्वनी सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली. तिच्या मुळाशी सी भाषेतील 'स्विच' रचनेत अयोग्य जागी आलेले 'ब्रेक' विधान होते.

उपाययोजना :
१) फ्लॅग : उत्तर मिळाल्याची नोंद एका चलात ठेवून बाहेरील लूपमध्ये ती तपासता येते. मात्र लूपची पातळी वाढते तशा तपासण्याही वाढतात.

२) गोटू : डायक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये या विधानावर कठोर टीका केली. तथापि कर्निगन व रिची यांनी सी भाषेवरील आपल्या ग्रंथात खोल लूपमधून बाहेर पडण्यासाठी त्याचा मर्यादित वापर मान्य केला आहे.

३) लेबल : जावामध्ये बाहेरील लूपला नाव देऊन 'ब्रेक'सोबत ते लिहिता येते. पायथॉनसाठी अशी सूचना २००७ मध्ये मांडली गेली. ती नाकारण्यात आली.

४) फंक्शन : शोधाचे काम स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवल्यास एकच 'रिटर्न' विधान सर्व लूप संपविते व उत्तरही परत देते. ही पद्धत तिन्ही भाषांत उपलब्ध आहे.

निष्कर्ष :
कोठून बाहेर पडावयाचे हे वाचकाला स्पष्ट दिसणे, हाच सुबोधतेचा निकष होय. त्या दृष्टीने प्रथम फंक्शनचा व ते गैरसोयीचे असल्यास लेबलचा विचार करावा. अध्यापनात 'ब्रेक' शिकवितानाच त्याची मर्यादा उदाहरणासह दाखविणे उचित ठरेल.