३८ रुपयांच्या बल्बला कारागीर का मिळत नाही

२०१४च्या सुरुवातीला सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊकीत घेतलेल्या एलईडी बल्बचा दर नगामागे ३१० रुपये होता. २०१६ मध्ये तो ३८ रुपयांवर आला. ५ जानेवारी २०१५ला सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत असे ३६ कोटींहून जास्त बल्ब देशभर वाटले गेले. तीन वर्षांत बल्ब बिघडला तर फुकट बदलून मिळेल, अशी हमी त्यासोबत होती.

दुरुस्त करून का नाही? समजा, कारागिराचा पगार महिना २०,००० रुपये. २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला साधारण ९६ रुपये पडतात. म्हणजे ३८ रुपयांत त्याची जेमतेम २४ मिनिटं मिळतात. तेवढ्यात बल्बची नोंद, तपासणी, उघडणं, डाग देणं, पुन्हा पेटवून पाहणं आणि पॅकिंग उरकायचं. जाण्यायेण्याचं भाडं वेगळंच. याच पगारात ३१० रुपयांना सव्वातीन तास मिळाले असते. कारागिराची मजुरी तीच धरली, तरी दर उतरला आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली.

खरं तर बिघाड अनेकदा किरकोळ असतो. वरची पांढरी टोपी काढली की अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर एकापाठोपाठ एक जोडलेल्या चिप दिसतात. त्यातल्या एकीवर काळा ठिपका पडला की सगळा बल्ब विझतो. गल्लीतला दुरुस्तीवाला ती चिप डाग देऊन ओलांडतो आणि बल्ब पेटतो. कंपनीला हे करता येत नाही. बाकीच्या चिपही तितक्याच तापलेल्या असतात. आज एक गेली, पुढे दुसरीही जाऊ शकते. वॉरंटीतली वस्तू दुसऱ्यांदा परत आली, तर पहिल्या दुरुस्तीचा खर्चही बुडतो.

वस्तू महाग असली की गणित फिरतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा गेम कन्सोल २००५ साली २९९ आणि ३९९ डॉलरना बाजारात आला. तीन लाल दिवे लागून तो बंद पडू लागला, तेव्हा जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. एवढ्या किमतीचं यंत्र उघडणं परवडत होतं.

बदलून देणं म्हणजे दोष गेला, असंही नाही. २०१६ मध्ये बॅटरी पेट घेऊ लागल्यामुळे सॅमसंगने सुमारे २५ लाख गॅलक्सी नोट ७ फोन परत बोलावले आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन दिले. त्यांनीही पेट घेतला. ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं.

बदलून घेतलेली वस्तू ग्राहकाला सोयीचीच वाटते, आणि ते रास्त आहे. पण कंपनीच्या हिशेबात टाकून दिलेल्या मालाची पुरती किंमत नसते, हे मला खटकतं. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला, त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. भारताच्या २०२२च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. मात्र पुनर्चक्रण म्हणजे वस्तू मोडून धातू काढणं. चालू शकणारा बल्ब त्यातही मोडीतच निघतो.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये थेट हिशेबालाच हात घातला. कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली, तर त्याची हमी एक वर्षाने वाढेल. सदस्य देशांना हा नियम लागू करायची तारीख ३१ जुलै २०२६. यामुळे ग्राहक दुरुस्ती मागू लागेल. पण ती परवडावी म्हणून टोपी चिकटवायची की स्क्रूने बसवायची, हे कारखान्यालाच ठरवावं लागेल.