कडेने पळणारा कोल्हापूरचा पोरगा



मागे वणीच्या बाजारच्या दिवशी एक शेतकरी आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात एक छापील अर्ज होता. त्यांचा मुलगा फुटबॉल चांगला खेळतो. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीला त्याला पाठवावे, असे शाळेने सुचवले होते.

ते म्हणाले, "गुरुजी, अर्ज मी स्वतः वाचला. अक्षर समजलं, पण मन धजत नाही. पोरगं एवढंसं. ते परमुलखात राहील कसं? आणि चेंडूला लाथा मारून कुणाचं पोट भरतं का?"

प्रश्न रास्त होता. आम्ही शाळेत असताना कित्येक मुलांना "चेंडू ठेव, पुस्तक घे" असे दरडावले आहे. तेव्हा उत्तर देण्याआधी आम्ही त्यांना एक खरी हकिगत सांगितली. तीच येथे देत आहोत.

खेळ कसा असतो

फुटबॉलमध्ये दोन संघ असतात. प्रत्येक संघात 11 खेळाडू. खेळ 90 मिनिटे चालतो. मध्ये थोडी विश्रांती असते. चेंडू पायाने मारत न्यायचा आणि समोरच्या जाळ्यात घालायचा. याला गोल म्हणतात. हात लावायची मुभा फक्त जाळे राखणाऱ्याला, तीही त्याच्या जाळ्यापुढच्या आखलेल्या जागेतच.

काही खेळाडू मैदानाच्या अगदी कडेने पळतात. त्यांना विंगर म्हणतात. विंग म्हणजे पंख. पाखराला जसे दोन पंख, तसे संघाला हे दोन बाजूंचे गडी. मधल्या भागात गर्दी असते, कडेला मोकळी वाट असते. विंगरने त्या वाटेने सुसाट पळायचे, आडव्या आलेल्या गड्याला हुलकावणी द्यायची आणि चेंडू मध्ये आपल्या सोबत्याकडे द्यायचा. पुष्कळदा गोल सोबत्याच्या नावावर लागतो. पळापळ मात्र याची!

कोल्हापूरचा अनिकेत

कोल्हापूर म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते. पण तिथे फुटबॉलचे वेडही तेवढेच आहे. ज्या तालमींत पैलवान घडले, त्यांच्याच नावाने फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार अशी त्यांची नावे. सामना असला की शाहू स्टेडियम माणसांनी फुलून जाते.

याच गावात 13 जुलै 2000 रोजी अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षा चालवणारे. घरची स्थिती बेताची. पण पोराच्या पायात वेग होता. लहान वयातच तो पुण्याजवळ बालेवाडीला, क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. ही राज्य सरकारची संस्था आहे. निवडलेल्या मुलांच्या राहण्याचा, जेवणाचा, शिक्षणाचा आणि खेळाच्या सरावाचा भार सरकार उचलते. पण घराची आठवण येते, तिचा भार मुलालाच उचलावा लागतो.

2017 साली 17 वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात झाली. भारत अशा जागतिक स्पर्धेत प्रथमच उतरला होता. त्या संघात अनिकेत होता. दिल्लीत तीन सामने झाले. अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिघांकडूनही आपण हरलो. म्हणून पोरे घरी बसली का? नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांतल्या बऱ्याच मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ मोठ्यांच्या स्पर्धेत उतरला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नईच्या संघाला 3-0 असे हरवले. त्यांतले दोन गोल अनिकेतचे होते.

चूकही झाली, तीही सांगितली पाहिजे. 2018 साली स्पेनमध्ये अर्जेंटिनाच्या तरुण संघाशी सामना होता. त्यात अनिकेतला लाल कार्ड मिळाले. लाल कार्ड म्हणजे मैदान सोडायचे, आणि बदली गडीही मिळत नाही. बाकीचे दहा जण जिवाच्या करारावर खेळले आणि भारत 2-1 ने जिंकला. एकाच्या चुकीचे ओझे दहांनी वाहिले. संघ म्हणतात तो यालाच.

पुढे अनिकेतने इंग्लंडात ब्लॅकबर्न या क्लबात सराव केला. या क्लबाचे मालक पुण्याचे, कोंबडीपालनाच्या धंद्यातले आहेत! नंतर तो जमशेदपूरच्या आणि मग हैदराबादच्या संघात गेला. 24 जानेवारी 2022 रोजी हैदराबादने ईस्ट बंगालला 4-0 असे हरवले, त्यात एक गोल त्याचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये हैदराबादने देशाची मोठी स्पर्धा, इंडियन सुपर लीग, जिंकली. भारताच्या मुख्य संघाचे बोलावणेही त्याला त्याच सुमारास आले.

दुसरी बाजू

आता सातासमुद्रापलीकडची गोष्ट ऐका. आयर्लंड बेटावर बेलफास्ट नावाचे शहर आहे. तिथला जॉर्ज बेस्ट हाही विंगरच. वडील जहाजाच्या कारखान्यात कामगार. 1961 साली, पंधराव्या वर्षी, तो इंग्लंडात मँचेस्टरच्या क्लबात गेला. घरच्या आठवणीने पोर इतके व्याकूळ झाले की लगोलग परत आले! समजूत घातल्यावर पुन्हा गेले. 1968 साली तो युरोपातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पैसा आला, नाव झाले, आणि दारूही आली. सत्ताविसाव्या वर्षी त्याने तो क्लब सोडला. दारूने यकृत गेले, दुसरे बसवावे लागले. 2005 साली, 59 व्या वर्षी, तो वारला. पायांनी मिळवले ते पेल्याने घालवले.

मग काय करावे?

आम्ही त्या शेतकरी बंधूंना म्हटले, "पोट भरतं, पण सगळ्यांचं नाही. पुष्कळ पोरं चाचणी देतात, थोडी निवडली जातात. पाय मोडला तर खेळ थांबतो. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांचा खेळ संपतो. तेव्हा चार गोष्टी विचारून घ्या. खर्च कोण करणार? शाळा कुठे? दुखापत झाली तर औषधपाणी कोण करणार? मुलाला घरी केव्हा येता येईल? पाचवी गोष्ट पोरालाच विचारा, की तुझं मन काय म्हणतं? आणि जमलं नाही तर परत ये, दार उघडं आहे, हे त्याला आजच सांगून ठेवा."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गुरुजी, पेन द्या." त्यांनी अर्ज पुन्हा एकदा खालपर्यंत वाचला आणि सही केली. दोन वर्षांपूर्वी ते अंगठा उठवीत होते.

पोरगा निवडला जाईल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. पण बापाने वाचून, विचारून, समजून सही केली, एवढे आम्ही पाहिले आहे.

विचार करा व सांगा

1. विंगरचे काम कोणते?
2. अनिकेतला लाल कार्ड मिळाल्यावर संघाने काय केले?
3. जॉर्ज बेस्टच्या आयुष्यातून आपण काय शिकावे?
4. तुमच्या मुलाचा अर्ज आला, तर सहीपूर्वी तुम्ही काय विचाराल?