अतिशीत वायूंचे मिश्रण व अलगीकरण

अतिशीत वायूंचे मिश्रण व अलगीकरण : निरपेक्ष शून्य तापमानाच्या अगदी नजीक ठेवलेले दोन वायू एकमेकांत मिसळतात की अलग राहतात, यासंबंधीचा भौतिकीतील विषय. सामान्य तापमान व दाब असताना असा प्रश्न उद्‌भवत नाही. तेल व पाणी मिसळत नाहीत; पण परस्परांवर रासायनिक विक्रिया न करणारे कोणतेही दोन वायू कोणत्याही प्रमाणात मिसळतात. मिसळल्याने एंट्रॉपी वाढते व त्यामुळे मुक्त ऊर्जा कमी होते. समप्रमाण मिश्रणात ही घट दर अणूमागे बोल्टस्‌मान स्थिरांक व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराच्या सु. ०·६९ पट असते. म्हणजेच तापमान उतरले की मिसळण्याची प्रेरणाही त्याच प्रमाणात घटते.

दर घ. सेंमी. मध्ये सु. शंभर लक्ष कोटी रुबिडियम अणू असलेल्या संघनितात अणूंच्या परस्पर प्रतिसारणाची ऊर्जा केवळ काही दशक अब्जांश केल्व्हिन तापमानाशी तुल्य असते. खोलीच्या तापमानाला ती नगण्य होय. सत्येंद्रनाथ बोस (१९२४) व आइन्स्टाइन (१९२५) यांच्या कार्यातून भाकीत झालेले संघनन विरल वायूत १९९५ मध्ये प्रत्यक्षात आले. कोलोरॅडोतील बोल्डर येथे कॉर्नेल व वीमन यांनी ते सु. १७० अब्जांश केल्व्हिन तापमानाला मिळविले. तेव्हापासून या क्षीण प्रतिसारणाचे परिणाम उघड दिसू लागले.

संघनितातील सर्व अणू एकाच पुंज अवस्थेत असल्याने त्यांची एंट्रॉपी जवळजवळ शून्य असते. अशा दोन संघनितांचा निर्णय केवळ प्रतिसारणावर होतो. भिन्न अणूंमधील प्रतिसारणाच्या मापाचा वर्ग हा प्रत्येक प्रकारच्या स्वकीय प्रतिसारणांच्या मापांच्या गुणाकारापेक्षा मोठा असल्यास ती अलग होतात. सोडियमाच्या तीन चुंबकीय उपअवस्थांपैकी +१ व −१ या परस्परांत मिसळतात, शून्य अवस्था मात्र त्या दोहोंत मिसळत नाही. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९९८ मध्ये असे अलग पट्टे दिसले. रुबिडियम–८५ व रुबिडियम–८७ यांच्या मिश्रणात चुंबकीय क्षेत्र बदलून प्रतिसारण हवे तसे जुळविता येते व मिश्रणाचे अलगीकरण घडविता येते, हे बोल्डर येथे २००८ मध्ये दाखविले गेले.

तापमान वाढविल्यास काही अणू संघनितातून बाहेर पडून औष्णिक मेघ बनतात. एंट्रॉपीखेरीज येथे दुसरेही कारण मिश्रणास साहाय्य करते, व ते अधिक मार्मिक आहे. औष्णिक मेघातील दोन एकरूप बोसॉन एकाच जागी सापडण्याची संभाव्यता दुप्पट असते. त्यामुळे स्वकीय प्रतिसारण दुप्पट होते. भिन्न अणूंना हा नियम लागू नसल्याने त्यांच्यातील प्रतिसारण तेवढेच राहते. अलग राहणे अशा रीतीने महाग पडते. अहमदाबाद येथील भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितात, औष्णिक अणूंमुळे अलगीकरण दबले जाते असेच आढळले. याउलट, शून्य तापमानाला जेमतेम मिसळलेले मिश्रण तापविल्यावर अलग होऊ शकेल, असे इटलीतील त्रेंतो येथील सैद्धांतिकांनी २०१९ मध्ये सुचविले. हे भाकीत गणितातील आसन्नीकरणावर बरेच अवलंबून असल्याने ते सावधपणे घ्यावयास हवे.

फेर्मिऑनांचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. लिथियम–६ मधील विरुद्ध परिवलनांच्या अणूंची संख्या असमान असेल, तर अतिशीत अवस्थेत जोड्यांचा अतिप्रवाही गाभा व भोवती उरलेल्या अणूंचे आवरण अशी विभागणी होते. दोहोंमधील तीक्ष्ण सीमा फेर्मी तापमानाच्या सु. ०·०७ पटीखालीच आढळते. त्यावर संक्रमण सलग होते (मापन २००८). द्रवरूप हीलियम–३ व हीलियम–४ यांचे मिश्रणही सु. ०·८७ के. च्या खाली दुभंगते, हे १९५६ पासून ज्ञात आहे.

प्रयोगात दोन मेघ वेगळे दिसले म्हणजे अलगीकरण झालेच असे नाही. भिन्न वस्तुमानांचे अणू चुंबकीय सापळ्यात गुरुत्वामुळे निरनिराळ्या उंचीवर स्थिरावतात. शिवाय सोडियमाचे पट्टे एकदा बनले की अणूंना एकमेकांच्या क्षेत्रातून पलीकडे जाता येत नाही, व समतोलापासून दूर असलेली रचना दीर्घकाळ टिकून राहते.