दोन भिंगांची पेटी

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी, गंजलेले पाने, कान तुटलेल्या कढया आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यातून उठून आलेला मुका ग्रामोफोन यांच्या गर्दीत, एखादे वेळी एक काळी उभट पेटी उन्हात पडलेली दिसते. तिच्या दर्शनी अंगास एकावर एक अशी दोन भिंगे असतात, आणि विक्रेता ती ज्या बेफिकिरीने उचलून आपल्या हाती देतो, तिच्यावरून तिचे कुळ त्याच्या खिजगणतीतही नाही हे लगेच ध्यानात येते. माझ्या कपाटात आज जे नऊ जुने कॅमेरे दाटीवाटीने वस्तीस आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा गृहप्रवेश अशाच मार्गाने झाला आहे. घरच्या मंडळींनी त्या कपाटास ‘भंगारखाते’ हे नाव कायम केले असून त्याविरुद्ध अपिलाची सोय नाही. मात्र नवांपैकी आठ केवळ निवृत्तिवेतनावर आहेत. रोज सकाळी माझ्याबरोबर मंडईपर्यंत हजेरी देतो तो एकच, जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे घडलेला, पाचव्या आवृत्तीचा रोलीकॉर्ड.

या घराण्याची कुळकथा दोन नव्हे, तीन डोळ्यांपासून सुरू होते. पॉल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या दोघांनी १९२० मध्ये आपला कारखाना काढला, तेव्हा ते घनदर्शी छायाचित्रांचे कॅमेरे बनवीत असत. त्यांत दोन बाजूंची दोन भिंगे डाव्या-उजव्या डोळ्यांसाठी दोन चित्रे घेत आणि मधले तिसरे भिंग केवळ पाहण्याच्या कामी येई. पुढे यातील एक टोकाचे भिंग काढून टाकावे आणि उरलेली जोडी आडवी न ठेवता उभी करावी, ही युक्ती सुचली आणि १९२९ मध्ये रोलीफ्लेक्स बाजारात आला. बेताच्या ऐपतीच्या हौशी माणसासाठी १९३३ मध्ये रोलीकॉर्ड हा त्याचा धाकटा भाऊ निघाला. थोरल्याच्या कुशीस असलेला ऐटबाज दांडा याला नाही, साधी गोल कळ फिरवून फिल्म पुढे न्यावी लागते. पण मला विचाराल तर धाकट्याच्या अंगी जो साधेपणा आहे, तो थोरल्याच्या श्रीमंतीपेक्षा अधिक टिकाऊ ठरला. पुढे जपानच्या याशिकाने, रशियाच्या ल्युबिटेलने आणि चीनच्या सीगलने हाच नकाशा समोर ठेवून आपापली बिऱ्हाडे थाटली.

रचना वर्णन करून सांगण्यास सोपी आहे. वरच्या भिंगातून येणारा प्रकाश तिरप्या आरशावर आपटून माथ्यावरील घासलेल्या काचेवर चित्र उमटवितो. खालच्या भिंगामागे, अंधारकोठडीत, फिल्म वाट पाहत असते. भिंगाखालची लहानशी पट्टी एका बाजूस सरकविली की शटर ताणले जाते, दुसऱ्या बाजूस सरकविली की ते सुटते, आणि त्याचा आवाज टाळूला जीभ लावून काढलेल्या नाजूक चुटक्याएवढाच असतो. आत बसणारा १२० क्रमांकाचा रोल कोडॅकने १९०१ मध्ये प्रचारात आणला आणि तो आजही मिळतो, यातच त्या मापाची पुण्याई आली. काळ्या कागदाच्या अस्तरासह गुंडाळलेल्या त्या रोलवर चौरस चित्रे उमटतात बारा. तेरावे मागण्याची सोय नाही. बारांचा हा शिधा पदरी बांधून बाहेर पडलेला मनुष्य कोथिंबिरीच्या जुड्या रचणाऱ्या बाईपाशी किती वेळ रेंगाळतो आणि नुसते पाहूनच किती वेळा पुढे निघून जातो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला या यंत्राची काटकसर जाचक वाटत नाही.

याहूनही मोठा गुण त्याच्या बैठकीत आहे. इतर कॅमेरे डोळ्याला लावून समोरच्यावर रोखावे लागतात. हा पोटाशी धरून त्यात मान खाली घालून पाहावे लागते. रोखलेल्या यंत्रासमोर माणसे जशी सावध होतात, तशी या नतमस्तक गृहस्थासमोर होत नाहीत. फार तर त्याच्या पेटीत काय हरवले आहे अशी त्यांना शंका येते. मुंबईच्या ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत स्वातंत्र्यकाळातील राजकारणाचे दप्तरच जणू छायाचित्रांत बांधून ठेवणाऱ्या होमाई व्यारावाला यांच्या हातीही रोलीफ्लेक्स असे. त्यांच्या चित्रांतील थोर माणसे बऱ्याचदा घरच्यासारखी सैल का दिसतात, याचे थोडे श्रेय मी पदरचा पक्षपात मान्य करून या पेटीस देतो.

जुने यंत्र सांभाळणे म्हणजे मात्र रोजचा जमाखर्च आहे. आपल्या दमट पावसाळ्यात भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते, आणि ज्या चामडी म्यानात कॅमेरा प्रेमाने जपावा तेच म्यान ओल धरून तिचे आगर बनते. म्हणून मी म्यान निराळे ठेवतो आणि कॅमेरा ओल शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. माझ्याकडे आला तेव्हा याचे एका सेकंदाचे शटर चांगले तीन सेकंद जांभई देत असे. कॅमेरे दुरुस्त करणारे कारागीर विरळ झालेले, तेव्हा भीत भीत एका वृद्ध घड्याळजीकडे नेला. त्यांनी तो कानाशी धरला, मंद गतीवर दोनदा शटर सोडून आतील चाकांची कुरकुर ऐकली आणि म्हणाले, ‘‘अहो, हे आमच्याच जातीचं आहे. तेल सुकलंय, बाकी काही नाही.’’ आठ दिवसांनी सेकंद सेकंदाएवढा झाला.

एक कैफियत मात्र माझी मलाच द्यावी लागेल, आणि तीत यंत्राचा दोष तिळभरही नाही. या कॅमेऱ्याचे मूळचे झाकण जोडझाकण असते, ते एकाच वेळी दोन्ही भिंगे झाकते. माझ्याकडचे पूर्वीच्याच एखाद्या मालकाकडे हरवलेले. म्हणून मी चित्र घेणाऱ्या खालच्या भिंगापुरते एक सुटे झाकण बसविले होते. भाच्याच्या मुंजीत मंगलाष्टकांपासून भिक्षावळीपर्यंत बारा चित्रे मी मोठ्या निगुतीने घेतली, शेवटी कागदाची चिकटपट्टी जिभेने ओली करून रोल बंद केला, आणि कॅमेरा पिशवीत ठेवताना पाहतो तो खालचे झाकण जागच्या जागी. वरचा डोळा सारा सोहळा पाहत होता. खालच्याने अक्षता डोक्यावर पडल्याचेही पाहिले नव्हते. तरीही वेड्या आशेने रोल धुऊन घेतला. फिल्म आली ती काचेसारखी निरभ्र.

बहिणीने आजवर त्याबद्दल एक शब्दही काढलेला नाही, हे तिचे मोठेपण. मला मात्र ती बाराही चित्रे आठवतात, पण घासलेल्या काचेवर दिसली तशीच. आणि आरशाचा स्वभावच असा की तो डावे-उजवे फिरवून दाखवितो. फिल्मवर ते आपोआप सरळ झाले असते. त्यामुळे माझ्या स्मरणातील तो आठ वर्षांचा बटू गोटा मिरवीत, डाव्या हातात भिक्षा घेत उभा आहे, आणि त्याचे कोरे करकरीत जानवे उजव्या खांद्यावर, अपसव्य.