जलजीवालय, सागरी : स्वच्छक प्राण्यांची निवड

सागरी जलजीवालयातील काच, खडक व वाळू यांवर वाढणारे शैवल, माशांनी टाकलेले अन्न आणि मृत जीवांचे अवशेष खाऊन जगणाऱ्या प्राण्यांना स्वच्छक प्राणी म्हणतात. समुद्री गोगलगायी, शंखवासी खेकडे, काही कोळंब्या, भंगुरतारे व सागरी अर्चिन हे त्यांतील प्रमुख होत. माशांच्या अंगावरील परजीवी वेचून खाणारे मासे व कोळंब्या यांनाही स्वच्छक म्हणतात; परंतु त्यांचा टाकीच्या स्वच्छतेशी फारसा संबंध नसतो. या दोन गटांची गल्लत झाल्यामुळे घरगुती जलजीवालयांत पुष्कळ प्राणी उपासमारीने मरतात.

स्वच्छतेचे स्वरूप : गोगलगायीने खाल्लेले शैवल नाहीसे होत नाही. त्यातील काही भागाचे तिचे शरीर बनते व बाकीचा विष्ठा आणि अमोनिया या रूपांत पाण्यात परत येतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटाचे नायट्रेटमध्ये रूपांतर वाळूत व खडकांत राहणारे सूक्ष्मजंतू करतात आणि नायट्रेट हे पुन्हा शैवलाचे खाद्य ठरते. हे चक्र तोडण्यासाठी पाणी ठराविक काळाने बदलणे, फेस काढणारे यंत्र वापरणे व मुळात अन्न कमी घालणे हेच उपाय आहेत. कोल्हापूरच्या रंकाळा तलावात सांडपाण्यामुळे जलपर्णी व शैवल माजल्याचे प्रसंग नागरिकांनी पाहिले आहेत. पोषकद्रव्ये येतच राहिली, तर वरचा हिरवा थर काढून पाणी सुधारत नाही. टाकीलाही हाच नियम लागू पडतो. स्वच्छक प्राणी कचऱ्याचे बारीक तुकडे करून सूक्ष्मजंतूंचे काम सुलभ करतात. ते पालकाच्या कामाची जागा घेत नाहीत.

समुद्रापासून दूरची टाकी : समुद्रकाठच्या मत्स्यालयाला पाणी जवळ असते. १९५१ मध्ये मुंबईत चौपाटीलगत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाला ही सोय होती. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर वसलेल्या कोल्हापुरात ती नाही. राजारामपुरीतील एखाद्या गल्लीतल्या घरी १०० सेंमी. लांब, ४५ सेंमी. रुंद व ४५ सेंमी. उंच टाकी ठेवली, तर तिची धारणाशक्ती सु. २०० लि. होते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात, म्हणजे ती भरण्यास सु. ७ किग्रॅ. आणि दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलण्यास सु. ७०० ग्रॅ. सागरी क्षारमिश्रण लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घातक असल्याने मिश्रण व्यस्त तर्षणाने, म्हणजे परिचित आरओ यंत्राने, शुद्ध केलेल्या पाण्यात कालवतात. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी गोड्या पाण्यानेच भरून काढावी लागते. चैत्र-वैशाखात बंद खोलीतील टाकीचे तापमान ३०° से. च्या वर जाऊ शकते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याची झळ अनेकदा प्रथम अपृष्ठवंशी प्राण्यांना लागते. अशा ठिकाणी एक मोठा शंख खडकाआड मरून कुजला, तर त्या अमोनियाने सर्व टाकी एका रात्रीत धोक्यात येते आणि बदलण्यास समुद्राचे पाणी हाताशी नसते.

गोगलगायी : शैवल खरवडण्यासाठी यांच्या मुखात दंतुर पट्टिका असते. टर्बो व ट्रोकस या वंशांतील जाती काच व खडक यांवरील पातळ थर उत्तम साफ करतात. लांब तंतूंचे जुने शैवल मात्र बहुधा त्यांच्याने खाववत नाही. उलटी पडलेली ट्रोकस सामान्यतः स्वतः सरळ होते; टर्बोला पुष्कळदा हाताने सरळ करावे लागते. नेरिटा वंशातील गोगलगायी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात विपुल आहेत. त्या काटक असल्या, तरी पाण्याबाहेर चढण्याची त्यांची सवय जात नाही. टाकीवर झाकण नसेल, तर त्या खाली पडून सुकतात. सेरिथियम या निमुळत्या शंखाच्या गोगलगायी रात्री काचेवर व दिवसा वाळूत चरतात. लहान टाकीस त्या सर्वांत सोयीच्या. नॅसेरियस वाळूत पुरून राहते व अन्नाचा वास येताच सोंड वर काढते. ती मृत मांस खाते, शैवल खात नाही. म्हणून हिरव्या काचेसाठी ती आणणे व्यर्थ होय.

किनाऱ्यावर स्वतः शंख वेचणाऱ्याने कोनस वंश ओळखलाच पाहिजे. या शंकूच्या आकाराच्या सुंदर शंखातील प्राणी विषारी दंतबाण मारतो आणि त्याच्या काही जातींच्या दंशाने माणसे मृत्यू पावली आहेत.

कवचधारी : शंखवासी खेकडे शैवल, उरलेले अन्न व मेलेले मासे खातात. वाढीबरोबर त्यांना मोठा शंख लागतो आणि मोकळा न मिळाल्यास ते जिवंत गोगलगायीला मारून तिचा शंख घेतात. टाकीत निरनिराळ्या आकारांचे रिकामे शंख ठेवल्याने ही हानी कमी होते, पूर्णपणे थांबत नाही. तांबड्या पाठीवर पांढरा पट्टा असलेली लायस्माटा ॲम्बॉयनेन्सिस ही कोळंबी माशांच्या अंगावरून परजीवी व मृत त्वचा वेचते. ती पालकाने दिलेले अन्नही सहज घेते, म्हणून टिकते. स्टेनोपस हिस्पिडस ही पांढऱ्या व तांबड्या पट्ट्यांची कोळंबी स्वजातीयांशी भांडते. जोडी जमलेली नसल्यास एकच ठेवावी.

कंटकचर्मी : लहान भंगुरतारे खडकांच्या फटींतील गाळ खातात व निरुपद्रवी असतात, हिरवा ऑफियारॅक्ना मात्र मोठा झाल्यावर झोपलेले मासे पकडतो. वाळू चाळणारा ॲस्ट्रोपेक्टेन तारामासा वाळूतील उपयुक्त सूक्ष्म प्राणीच संपवतो आणि लहान टाकीत काही महिन्यांत भुकेने मरतो. अर्चिन शैवल झपाट्याने खातो. परंतु मोकळे खडक ढकलून पाडतो व शोभिवंत गुलाबी शैवलही खरवडतो.

स्वच्छक मासा : लॅब्रॉइडिस डिमिडिएटस हा निळसर, काळ्या पट्ट्याचा लहान मासा प्रवाळभित्तींवर ठराविक जागी राहतो व तेथे येणाऱ्या माशांचे परजीवी खातो. ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटाजवळच्या अभ्यासात एक मासा दिवसाला सु. १,२०० परजीवी खात असल्याचे दिसले. त्याच ठिकाणी काही भित्तींवरून हे मासे साडेआठ वर्षे काढून टाकले असता तेथील माशांची संख्या व विविधता घटली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. घरच्या टाकीतील चार-सहा मासे त्याला इतके अन्न पुरवू शकत नाहीत. समुद्रात उपयोगी असलेला हा मासा टाकीत उपाशी राहतो. म्हणून तो न आणणे हेच इष्ट.

कायद्याच्या मर्यादा : परदेशी पुस्तकांतील शिफारशी भारतात जशाच्या तशा पाळता येत नाहीत. वाळू स्वच्छ ठेवण्यासाठी तेथे सागरी काकडी सुचवतात. परंतु २००१ मध्ये सर्व सागरी काकड्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत आल्या. भित्ती बांधणारे प्रवाळ व समुद्रघोडेही त्याच वर्षी संरक्षित झाले. ट्रोकस निलोटिकस व टर्बो मार्मोरेटस या मोठ्या गोगलगायींचाही समावेश झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली असून ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहे. ट्रोकस वा टर्बो अशा केवळ वंशनामाने विकल्या जाणाऱ्या शंखाची जाती विचारणे आणि ती चालू अनुसूचीत पाहणे, ही ग्राहकाची जबाबदारी होय. जिवंत प्रवाळखडकालाही हेच लागू आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातून कोणताही प्राणी उचलू नये. कायद्याचा प्रश्न नसला, तरी सागरी काकडी घरी योग्य नाही. इजा झाल्यास काही जाती विष सोडतात व त्याने सर्व मासे मरू शकतात.

निवडीची रीत : आधी काय साफ करावयाचे ते पाहावे, मग प्राणी निवडावा. नव्या टाकीतील तपकिरी थर हा करंडक वनस्पतींचा असतो व काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. पाण्यात अमोनिया व नायट्राइट आढळेनासे झाल्यावर आणि काचेवर शैवल दिसू लागल्यावरच पहिले प्राणी आणावेत. वर उल्लेखिलेल्या २०० लि. च्या टाकीस प्रारंभी चार-पाच सेरिथियम, दोन-तीन शैवलभक्षी गोगलगायी व दोन-तीन नॅसेरियस पुरेत. शैवल उरते असे महिनाभर दिसले, तरच भर घालावी. विक्रेते लिटरामागे संख्या सांगतात, पण प्राण्यांचे पोषण लिटरांवर होत नाही, शैवलावर होते. काच स्वच्छ झाल्यावर गोगलगायींना वाळवलेल्या सागरी शैवलाचा तुकडा द्यावा.

लवणतेतील आकस्मिक बदल या प्राण्यांना सोसत नाही. आणलेल्या पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडून तास-दीड तासाने प्राणी टाकीत ठेवावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वापरली जाणारी ताम्रयुक्त औषधे गोगलगायी व कोळंब्यांना मारक असतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढून औषध द्यावे. नको झालेला प्राणी समुद्रात वा पंचगंगेत सोडू नये. तो दुसऱ्या पालकाकडे द्यावा. रोज एकदा शंख मोजावेत. न हलणारा शंख बाहेर काढून हुंगल्यास प्राणी जिवंत आहे की मेला हे लगेच कळते आणि टाकीवरचे संकट वेळीच टळते.