घरपोच बंदूक, घरबसल्या फसवणूक

भाजी, साडी, औषधे, पुस्तके... फोनवर बोट टेकवले की सारे काही दारात येते. मग बंदूकच का येऊ नये, असे एखाद्याला वाटले तर त्याला हसण्यात अर्थ नाही. पिस्तुलाचे चकचकीत छायाचित्र, खाली किंमत, 'निम्मे पैसे आगाऊ, निम्मे माल मिळाल्यावर' अशी ग्वाही आणि एक मोबाइल क्रमांक. अशा जाहिराती समाजमाध्यमांवर दिसतात. जिल्हाधिकारी कचेरीत शस्त्र परवान्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. निवृत्तीनंतरही लोक विचारतात, "भाऊसाहेब, हे खरं असतं का हो?"

खरे नसते. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त परवाना देतात. तो हाती आला की माणूस परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जातो, बंदूक पारखून घेतो, तिचा क्रमांक परवान्यावर चढतो. या वाटेवर कुरियरवाल्याला कुठेच जागा नाही.

"पण अमेरिकेत मिळते ना?" असा प्रश्न हमखास येतो. तिथेही १९६८ च्या कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून घेतलेली बंदूक परवानाधारक विक्रेत्यामार्फतच हाती येते. फेसबुकनेही २०१६ साली व्यक्ती-व्यक्तींमधली बंदूकविक्री आपल्याकडे बंद केली.

ठकाचा डाव साधा असतो. आधी आगाऊ रक्कम, मग पॅकिंगचे पैसे, मग 'वाटेतल्या बंदोबस्ता'चे. शेवटी फोन येतो, 'पार्सल पकडले गेले, तुमचे नाव पुढे येईल.' गिऱ्हाईक घाबरून आणखी पैसे धाडतो. तक्रार कुणाकडे करणार? विनापरवाना पिस्तूल मागवले, हे आधी सांगावे लागते. म्हणजे फसलेल्याच्या तोंडाला ठकाने पहिल्याच दिवशी कुलूप घातलेले असते. आणि समजा, खरोखरच पिस्तूल आले, तर ते अधिक वाईट. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान २ वर्षे कैद आहे.

विकणारेही यात सापडतात. आमच्या परिचयातल्या एका वहिनींचे यजमान वारले. शेताच्या राखणीसाठी घेतलेली त्यांची बारा बोअरची बंदूक घरात होती. भाच्याने जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सॲप गटात तिचा फोटो टाकला. तासाभरात एका 'लष्करी अधिकाऱ्या'चा फोन आला. बोलणे अदबीचे, घासाघीस मुळीच नाही. त्याने स्वतःचे ओळखपत्र धाडले आणि परवान्याचा फोटो मागून घेतला. मग एक क्यूआर कोड पाठवला. "ताई, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." वहिनींनी दोनदा पिन टाकला. दोन्ही वेळा पैसे त्यांच्याच खात्यातून गेले. अठरा हजार रुपये. पुढे महिनाभराने दुसऱ्या गावाहून एक अनोळखी माणूस वहिनींच्या यजमानांचे नाव विचारीत आला. त्यालाही कुणीतरी फसवले होते, आणि पुरावा म्हणून दाखवला होता तो हाच परवाना!

तेव्हा दोन गोष्टी घरातल्या सर्वांना ठाऊक हव्यात. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. आणि परवान्याचा फोटो अनोळखी माणसाच्या हाती द्यायचा नसतो.

बंदूक विकण्याचा सरळ मार्ग कायद्यातच आहे. मालक हयात नसेल किंवा परवान्याची मुदत संपली असेल, तर ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला ती पुढे पात्र माणसाला विकून पैसे घेता येतात. मालकाला आपली बंदूक दुसऱ्याला विकायची असेल, तर घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याचा परवाना खरा आहे ना, हे तो देणाऱ्या कचेरीत विचारून घ्यावे.

हे ४५ दिवस लोकांना जाच वाटतात. टेबलापुढे उभे राहून पुष्कळांनी मला त्याबद्दल ऐकवले आहे. माझा अनुभव मात्र असा की तीच खरी राखण आहे. खरा घेणारा दीड महिना थांबतो, कारण त्यालाही कागद सरळ हवे असतात. ठकाला तासभरही थांबवत नाही. ज्या व्यवहारात कचेरी टाळण्याचे आमिष आहे, तिथे फसवणूक आहे असे खुशाल समजावे.

पैसे गेलेच, तर लाजून बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

आणि ज्यांच्या घरात आजोबांची, वडिलांची बंदूक आहे, त्यांनी आजच्या रविवारी एवढे करावे. परवाना कुठे ठेवला आहे, त्याची मुदत कधी संपते आणि आपल्या माघारी बंदूक कुठे जमा करायची, हे घरच्यांना नीट सांगून ठेवावे. हे सांगायला दहा मिनिटे पुरतात.