मूल होण्यासाठी ॲस्पिरिन घ्यावी का?

आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात. झाडाला झोका बांधला जातो, गाणी होतात, आणि झोक्याभोवती बसलेल्या बायकांत जी बोलणी चालतात ती घरातल्या पुरुषांच्या कानावर सहसा येत नाहीत. कोणाला दिवस गेले, कोणाला नाही, कोणी कुठला नवस बोलला. या बोलण्यांत अलीकडे एका गोळीची भर पडली आहे. रक्त पातळ करण्याची गोळी घेतली आणि अमकीला दिवस राहिले, असे कोणीतरी सांगते, आणि लग्नाला चार वर्षे होऊनही कूस न उजवलेली एखादी हळूच म्हणते, "माले बी दे ना माय ती गोयी."

गोळी मिळायला कठीणही नाही. ज्या घरात सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्या घरातल्या फळीवर ती बहुधा असतेच. ७५ मिलिग्रॅमची, लहानशी. सून त्यातली रोज एक घेऊ लागते. सासरे बिचारे महिनाअखेर म्हणतात, गोळ्या लवकर कशा संपल्या? त्यांचे औषध दोन-चार दिवस बुडते, आणि झटका येऊन गेलेल्या माणसाला ते बुडणे परवडणारे नाही. म्हणजे एका गोळीने दोन जिवांशी खेळ होतो. म्हणून आज या गोळीविषयी थोडे सविस्तर बोलू.

ॲस्पिरिन हे औषध १८९९ सालापासून बाजारात आहे. नदीकाठी वाळुंजाचे झाड असते ना, त्याच्या जातीच्या झाडांच्या सालीत ताप व ठणका कमी करणारे द्रव्य असते, हे फार जुन्या काळापासून माहीत होते. त्याच जातीचे, पण पोटाला जरा कमी बाधणारे द्रव्य कारखान्यात तयार झाले, ते ॲस्पिरिन. ते शरीरात नेमके काय करते याचा उलगडा १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने केला व त्याबद्दल त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रक्तात अगदी बारीक कण असतात. जखम झाली की ते एकमेकांना चिकटतात आणि रक्त थांबते. ॲस्पिरिनने हे चिकटणे कमी होते. लोक त्याला 'रक्त पातळ होणे' म्हणतात. रक्त काही पाणी घातलेल्या ताकासारखे पातळ होत नाही, त्याची गुठळी लवकर होत नाही इतकेच.

यावरून डॉक्टरांच्याही मनात आले की, गर्भाशयाकडे रक्त नीट वाहिले तर गर्भ धरण्यास मदत होईल. कल्पना वेडगळ नव्हती. पण कल्पना आणि अनुभव यांत अंतर असते, म्हणून अमेरिकेत तिची मोठी परीक्षा घेतली गेली. तिचे निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाले. १,२२८ स्त्रिया होत्या. सर्वांचा पूर्वी एक किंवा दोन वेळा गर्भ गेलेला. निम्म्यांना लहान मात्रेची ॲस्पिरिन दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कोणती दिली हे त्यांना कळू दिले नाही. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे ५८ जणींना जिवंत मूल झाले, दुसऱ्या गटात ५३ जणींना. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असा हिशेब निघाला. नुकताच एकदाच गर्भ गेलेल्या स्त्रियांच्या लहान गटात थोडा अधिक फायदा दिसला खरा. पण ध्यानात घ्या, या सर्व स्त्रियांना आधी दिवस गेलेले होते. ज्यांना कधीच दिवस गेले नाहीत, त्यांच्यासाठी या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही.

मग ती झोक्याजवळची बाई खोटे बोलली का? मुळीच नाही. काही स्त्रियांच्या रक्तात गुठळ्या होण्याचा दोष असतो आणि त्यामुळे गर्भ पुनःपुन्हा जातो. रक्त तपासून हा दोष ठरला तर डॉक्टर ॲस्पिरिन व त्यासोबत हेपॅरिनची इंजेक्शने देतात. गोळी दिसते, इंजेक्शने व तपासणी दिसत नाहीत. गावात फक्त गोळीचे नाव होते. काही गर्भवतींना रक्तदाब वाढण्याचा धोका असतो; त्यांनाही तिसरा महिना संपल्यावर डॉक्टर ही गोळी सुरू करतात. तेथे तिचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती मास्तरांनी मुद्दाम लोकांना सांगावी. एकत्र राहणारी शंभर तरुण जोडपी घेतली तर त्यांतल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना वर्षाच्या आत कोणतेही औषध न घेता दिवस राहतात. त्या वर्षात त्यांनी गोळी घेतली असेल तर गोळीचे नाव होते, गंडा बांधला असेल तर गंड्याचे.

उलट बाजूही पाहा. ॲस्पिरिनने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. काही दमेकऱ्यांचा दमा उसळतो. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे डेंगीचा ताप येतो. त्या तापात ॲस्पिरिन पोटात गेली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कापूस वेचून कंबर धरते म्हणून दुकानातून आणलेल्या दुसऱ्या काही ठणक्याच्या गोळ्या (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक) रोज घेत राहिल्यास बीजकोशातून बीज सुटण्यास अडथळा येतो, असेही काही अभ्यासांत दिसले आहे. गोळ्या थांबविल्या की हा अडथळा जातो. म्हणजे मूल हवे म्हणून एक गोळी आणि त्याला आडवी येणारी दुसरी, अशा दोन्ही एकाच घरात चालू असायच्या!

डॉक्टरांकडे केव्हा जावे? वर्षभर एकत्र राहून दिवस न गेल्यास. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनीच. पाळी अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा पुरुषाला मोठेपणी गालगुंड होऊन वृषणे सुजली असतील, तर वर्षाची वाट पाहू नये. क्षयाने गर्भनलिका बंद होतात आणि बाईला त्याचा पत्ताही नसतो.

मात्र हे वर्ष नीट मोजावे. आपल्याकडचे कितीतरी जण सुरतेला कामाला असतात. दिवाळीला आले, आखाजीला आले, चार दिवस राहिले आणि गाडीत बसले. अशी तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे नव्हेत. बीज महिन्यातून एकदाच, पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटते आणि जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत तग धरते. ते चार-पाच दिवस धनी सुरतेत असेल तर दोष कोणाचा?

आणि तपासणी दोघांची व्हावी. कपाशी उगवली नाही तर आपण रानाला शिव्या देत नाही, आधी बियाण्याची पिशवी पाहतो. घरात मात्र थेट सुनेवर बोट जाते. हळदीकुंकवाला टाळणे, डोहाळेजेवणात मागे बसवणे, आणि काही घरांत दुसऱ्या सोयरिकीची बोलणी. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा जोडीने, असते. पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी. सुई नाही, चिरफाड नाही. बाईला दहा ठिकाणी हिंडविल्यावर शेवटी ती होते, हे मला उफराटे वाटते.

एखादा बुवा 'दैवी शक्तीने कूस उजवतो' म्हणून बाईला एकटीला बोलावीत असेल, तर तेथे पाऊलही ठेवू नये. अशा आमिषाने स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. नवस करणे वेगळे. त्याला कोणी अडवीत नाही.

धुळ्यास भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. गावच्या आशाताईंना विचारले तर कोणत्या दिवशी जावे ते त्या सांगतील. जाताना जुने कागद, घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि मागच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा न्याव्यात. सासऱ्यांची गोळी घेतली असेल तर तेही सांगावे, डॉक्टर रागावणार नाहीत. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूच्या आदिवासी वस्त्यांतील जोडप्यांनी सिकलसेलची रक्ततपासणी त्याच फेरीत करून घ्यावी. त्या दोषामुळे मूल अडत नाही, पण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेला चारांत एक मूल आजारी निघण्याचा संभव असतो.

पुरुषाने तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावेत. नमुना तासाभरात तपासनिसाच्या हाती पडावा लागतो. तेव्हा तो गावाहून बाटलीत घालून एस. टी. ने नेण्याच्या फंदात पडू नये. दवाखान्यात जाऊनच द्यावा.